मामीकडे आलेलं सावर्ड्याचं पुस्तक

कागदात गुंडाळून जगात जे जे पाठवता येतं, त्यातलं मोडकंतोडकं सगळं शेवटी रत्नागिरीत माझ्या मामीच्या दारात येतं. मामी पुस्तकं टपालानं मागवते आणि तिचं पुस्तक धड आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. एकदा खोबरेलाच्या बाटलीबरोबर एकाच खोक्यात पुस्तक आलं. बाटली रिकामी, पुस्तक तुडुंब. परत पाठव म्हटलं, तर पान उजेडाकडे धरून म्हणाली, "कशाला? दोन्ही बाजू एकदम वाचता येतायत." एकदा कुरियरवाल्यानं खिडकीच्या गजांतून पार्सल आत कोंबलं. त्या पुस्तकाचा बाक जावा म्हणून मामीनं ते पाट्याखाली ठेवलं आणि बाक जाईपर्यंत घरातलं वाटण मिक्सरवर झालं. भिजून आलेली पानं तिनं आंबापोळीसारखी सुपात वाळत घातली, तेव्हा मुंग्यांनी अर्धं प्रकरण खाल्लं. पार्सल फोडताना मात्र मी मोबाइलवर चित्रण करायचं आणि शेजारच्या काकूंनी साक्षीला उभं राहायचं, कारण तक्रारीला पुरावा हवा. तक्रार तिनं कधीच केली नाही. मुद्दाम थोडंच केलंन कुणी, एवढंच म्हणायची.

मागच्या वर्षी तिच्या नावाच्या पार्सलातून तिनं न मागवलेला, एका जुन्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला. आतल्या बिलावर सावर्ड्याच्या एका निवृत्त गुरुजींचं नाव आणि फोन नंबर होता. मामीनं फोन लावला. गुरुजींची बायको अंथरुणाला खिळलेली. पहिला भाग त्यांनी तिला वाचून दाखवला होता आणि दोघं दुसऱ्याची वाट बघत होती. विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आधी पुस्तक आमच्याकडे परत येऊ दे, मग बघू. मामीनं दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि मलाही सोबत नेलं.

पुस्तक देऊन लगेच निघायचं ठरलं होतं. पण या भागातली अक्षरं बारीक निघाली आणि गुरुजींची नजर अधू. तेव्हा पहिलं प्रकरण मामीनंच वाचलं. मग ती दर रविवारी सावर्ड्याला जाऊ लागली. कादंबरीतली मुलगी घरच्यांशी भांडून निघून गेलेली होती आणि तिची आई वाट बघत होती. गुरुजींची बायको ऐकता ऐकता त्या मुलीला रागे भरायची आणि मामी वाचायचं थांबवून त्या मुलीची बाजू घ्यायची.

मामी एव्हाना गुरुजींच्या बायकोला वहिनी म्हणू लागली होती. पावसाळ्यानंतर वहिनींना चिपळूणला दवाखान्यात हलवलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांना बोलायलाही कष्ट पडत होते. त्यांनी मामीचा हात धरून विचारलं, "परत येते का हो ती पोर?"

"येते," मामी म्हणाली. मग तिनं सगळं सावकाश सांगितलं. मुलगी तिन्हीसांजेला येते, आई काही न विचारता पाय धुवायला पाणी देते, दोघी चुलीपाशी बसून पेज पितात. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, शेवट छान आहे.

"मला कुठे ठाऊक?" मामी म्हणाली. "तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो."

त्याच आठवड्यात वहिनी गेल्या. गुरुजींनी ते पुस्तक मामीलाच देऊन टाकलं. उरलेली पानं तिनं अजून वाचलेली नाहीत. एकदा मी वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर तिनं पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "नसली आली परत, तर?"