निळं टोपण वर

बाबा गेले तेव्हा दादा समुद्रावर होता. किनाऱ्यावर नाही, मधोमध, जिथून कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. तो ज्या जहाजावर काम करतो ते एका जागी उभं राहतं, पाईपला पाईप जोडत तळापर्यंत सोडतं आणि तळातला गाळ लांब नळीत भरून त्या पाईपांमधूनच वर आणतं. त्या भरलेल्या नळीला कोर म्हणतात. जहाज त्याच्यासाठी परत फिरणार नव्हतं. मी म्हटलं, विचारून तरी बघ.

"पाईप खाली आहे वं," फोन लागला तेव्हा तो म्हणाला. "मानूस मेला म्हनून पाईप वर येत नाही."

मी पत्रकं लिहिते. खाण, पाणी, जमीन. लिहिते, छापते आणि अहिवाऱ्याच्या बाजारात उभी राहून वाटते. त्या महिन्यातलं पत्रक समुद्राच्या तळावर होऊ घातलेल्या खाणींविरुद्ध होतं. भिलाईत बसून समुद्राची काय पंचाईत, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते, जमिनीतलं ओरबाडून झालं की हे पाण्याखाली जाणार, आणि तिथे तर बोंब मारायला गावही नाही. पत्रकात एक ओळ होती: 'तळाला पहिलं भोक पाडणारा तो पहिला चोर.' ओळ चांगली जमली होती. ती दादावर आहे हे घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचं जहाज सोनं-तांबं शोधत नाही. गाळाचे थर वाचून हजारो वर्षांपूर्वी पाऊस कसा पडायचा ते शोधतात. मी म्हटलं, आज वाचतील, उद्या विकतील. तो म्हणाला, तू न पाहता लिहिते. मी म्हटलं, तू पाहून गप्प बसतोस. मग दोघंही पंधरा दिवस बोललो नाही.

मध्ये होते बाबा. बाबांची सगळी नोकरी चुनखडीच्या खाणीत गेली, कोर काढणाऱ्या गँगमध्ये. आम्ही नंदिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, स्मृति नगरचं घर रिटायर झाल्यावरचं. खाणीत कोर दगडाचा निघतो, गोल, मनगटाएवढा. तो लाकडी पेटीत ओळीनं मांडायचा आणि वरचं टोक कोणतं ते आधी खुणावायचं. एक तुकडा जरी उलटा पडला तर पुढचं सगळं गणित खोटं. ही सवय बाबांच्या हातात इतकी बसली होती की बाजारातून आणलेल्या शेवग्याच्या शेंगासुद्धा ते देठ एका बाजूला करून मांडायचे.

"शेंगाईलेबी वर-खाली असते का?" आई म्हणायची.

"असते. झाडाले इचार."

दादानं जहाजावरून पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला तेव्हा पारदर्शक नळीत राखाडी चिखल दिसत होता. आईनं विचारलं, जेवला का. बाबांनी विचारलं, "वर कोनतं?"

"निळं टोपन वर, पांढरं खाली. नळी डेकवर आली का तुकडे कापतो अन् लगेच टोपनं लावतो."

"हं. आन दगड?"

"दगड नाही बाबा, गाळ आहे. तुमचा चुनखडा बनायच्या आधी असाच असन. तुमीबी समुद्राचा तळच काढत होते. फक्त पानी आटल्यावर."

बाबा हसले. मग दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत हिंडले की आपण जिंदगीभर समुद्रात काम केलं.

माझं पत्रक छापायला जायच्या आधी त्यांनी चष्मा लावून वाचलं. आई आणि आमगावहून आलेले काका तिथेच बसले होते. बाबा म्हणाले, "पयले कोर काढतात, हे बराबर लिवलं. आमीबी पयले कोरच काढला होता. मंग खड्डा झाला. पन चोर म्हनू नको. तो काढते फक्त."

"काढणारा नसता तर खड्डा झाला असता का?"

"तर दुसरा काढनारा असता. एवढी ओळ काढ. आन जेवून घे."

मी जेवले. ओळ काढली नाही. त्याच आठवड्यात सकाळी चहा प्यायला ते उठले नाहीत.

त्या दिवसाचं मला फार काही वाटत नाही, म्हणजे तेव्हाही वाटलं नाही. अंगावर कोणीतरी पोतं टाकल्यासारखं होतं. काकांनी आणि शेजारच्यांनी बाबांना हॉलमध्ये खाली घेतलं. पाय दक्षिणेकडे हवेत. काकांना आमच्या घराच्या दिशा माहीत नव्हत्या, त्यांनी दाराच्या अंदाजानं ठेवलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "उलटे ठेवले तुमी त्याईले. जिंदगीभर वर-खाली पाह्यत राह्यले, आन त्याईलेच उलटं ठेवलं."

चौघांनी उचलून फिरवलं. असल्या दिशाबिशांविरुद्ध मी दोन पत्रकं काढली आहेत. मी उभी होते आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की निळं टोपण कुठाय.

अग्नी मी दिला. त्यावरून भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही, कोणातच दम नव्हता.

दादाचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तो रडला नाही. म्हणाला, बातमी आली तेव्हा कोर डेकवर आला होता, म्हणून आधी टोपणं लावली. "एका तुकड्याले उलटी लावली मी. निळं खाली. लॅबमध्ये उभा चिरला तवा समजलं. ज्वालामुखीच्या राखेचा काळा पट्टा दोन तुकड्याईत अर्धा अर्धा होता, तो जुळेच ना." मग थोड्या वेळानं, "बाबाले सांगू नको."

दहाव्याला शिवनाथ नदीवर गेलो. पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता, पण खाली येईना. काकांनी दादाला व्हिडिओवर घ्यायला लावलं. फोन मी धरला. चित्र अडकत होतं, आवाज मागून येत होता.

आई म्हणाली, "पोराचं लगन करून देईन, तुमी काळजी नोका करू." कावळा हलला नाही. काका म्हणाले, "घराकडं मी पाहीन, भाऊ." कावळ्यानं चोच पुसली.

मग काका माझ्याकडे वळले. "बोल पोरी. तुह्या पर्च्यापायी अडकले ते. माह्या समोर सांगतलं होतं त्याईनं. ओळ काढते म्हन."

"काका, तो पक्षी आहे. त्याला मी वचन देत नाही."

"येवढ्याशा ओळीसाठी बापाले ताटकळत ठेवतं का? बापापेक्षा शहानी झाली का?"

आईनं फक्त माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

फोनमधून दादा बोलला. "काका, सोडा तिले." मग मला, "राहू दे ओळ. चोर म्हन मले. पन लिवाचं असन तर पूरं लिव. पाऊस शोधतो तेबी लिव."

मला जे सुचलं ते मी बोलले. "ओळ काढते. तुझ्यासाठी काढते, कावळ्यासाठी नाही. पत्रक निघणारच."

"निघू दे."

सगळ्यांनी वर पाहिलं. खरं सांगते, मीपण पाहिलं. कावळा बसूनच होता. तेवढ्यात फोनमध्ये मागून कोणीतरी ओरडलं. कोर आला की जहाजावर असंच ओरडतात. "जातो," दादा म्हणाला आणि चित्र गेलं.

ऊन चढलं. शेवटी काकांनी दर्भाचा कावळा केला, म्हणजे गवताची एक गाठ, आणि ती पिंडाला लावली. "झालं," ते म्हणाले. खरा कावळा आम्ही निघेपर्यंत तिथेच होता.

घरी येऊन मी पत्रक उघडलं. ओळ पुसली. तिच्या जागी बाबांचं लिहिलं, सगळ्यात वर: 'आधी कोर काढतात. मग खड्डा होतो.' खाली जहाज काय शोधतं तेही दोन वाक्यांत लिहिलं, पूर्ण. मग आपला विरोध, जसा होता तसा. फोटो काढून दादाला पाठवला.

त्याची शिफ्ट संपल्यावर उत्तर आलं. "बराबर आहे. मी काढतच राहीन."

मी नुसता अंगठा पाठवला.

स्वयंपाकघरात शेजारणीनं आणून दिलेल्या शेवग्याच्या शेंगा ओट्यावर पडल्या होत्या, देठ इकडे, टोक तिकडे. आई त्यांच्याकडे बघत उभी होती. मीपण थोडा वेळ उभी राहिले. दोघींनीही त्या सरळ केल्या नाहीत.