सपोर्टची दहा वाक्यं आणि आत्याच्या गावच्या बाया

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला त्या वर्षी जानेवारीत इंग्रजीच्या सरांनी मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं आणि वर्ग पोट धरून हसला. सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट असेल. मी अकरावीत होते, म्हणजे बोर्डाचं वर्ष.

सरांनी प्रत्येकाला एक शब्द दिला होता. त्याचे दहा समानार्थी शब्द शोधायचे आणि प्रत्येकाचं आपलं स्वतःचं वाक्य करायचं. माझ्या वाट्याला आला ‘सपोर्ट’.

मी जास्तीची हुशारी केली. डिक्शनरीतून सस्टेन, अपहोल्ड, प्रॉप, बॅक, असिस्ट असे शब्द उतरवले आणि वाक्य मात्र एकच ठेवलं. खांब छताला सपोर्ट करतो. खांब छताला सस्टेन करतो. खांब छताला असिस्ट करतो... दहाच्या दहा ओळींत तोच बिचारा खांब!

सर म्हणाले, “बेटी, तेरे घर में खंभे के अलावा कोई नहीं है क्या?”

आता सरांना काय सांगणार... घरात तसंच होतं. दिवाळीपासून आई टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली, ताप उतरला तरी उठली की चक्कर यायची. बाबा जंगल खात्यात बाबू, अर्धा महिना बैहर-बिरसाच्या दौऱ्यावर. स्वयंपाक, पाणी, दोन धाकटे भाऊ, सगळं माझ्यावर. पुस्तक उघडायची ते डोळे मिटायला लागल्यावर.

छमाहीला, म्हणजे सहामाही परीक्षेत, इंग्रजीत नापास झालेच होते, त्यात हे खांबाचं बाबांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, यंदा शाळा राहू दे, आईला बरं वाटू दे, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी काय पाहणार ते मला चांगलं ठाऊक होतं, तुमसरचं एक स्थळ आधीच येऊन गेलं होतं. मी मोरीत जाऊन भांडी आपटत आपटत रडले.

त्याच आठवड्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण. कटंगीजवळच्या खेड्यात धानाची शेती, आणि लिहिण्यावाचण्याच्या नावाने शून्य. आईला बघायला म्हणून दोन दिवसांसाठी आलेली, पिशवीत दोनच लुगडी.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि गप्प बसली. मला तर असा राग आला! बाबांना, स्वतःच्या धाकट्या भावाला, दोन शब्द सुनावायला हिचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर चूल पेटलेली, पाणी भरलेलं, कणीक भिजवलेली. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि पुस्तकाकडे मान हलवली, बस. दोन दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले... आत्या जायचं नावच घेईना. बाबाही शाळेचं काही बोलेनात. बोलायला कारणच उरलं नव्हतं ना.

शेवटी एक दिवस मीच विचारलं. आत्या, तिकडे तुझ्या धानाची मळणी कोण करतंय? घरचं कोण बघतंय? ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता तिने मला रोवणीचं, म्हणजे धानाच्या लावणीचं सांगितलं.

रोवणीला बायांची रांग लागते. प्रत्येकीला बांधीतली, म्हणजे धानाच्या वाफ्यातली, आपली आपली पट्टी, तिला पात म्हणतात. कोणी आजारी असते, कोणी पोटुशी असते, तिची पात मागे पडायला लागते. मग तिच्या दोन्ही बाजूच्या बाया आपलं लावता लावता चार-चार रोपं तिच्या पातीत लावत जातात. रांग सरळच राहते आणि मागे कोण पडलं होतं ते मालकाला कधी कळतच नाही.

मी विचारलं, आणि त्या बाईला?

“तिले काहून सांगाचं? सांगतलं का उपकार होते,” आत्या म्हणाली. “माही पात पाहाले गावात बाया हायेत. तू आपलं वाच.”

मी बघतच राहिले हो... म्हणजे मी इथे बालाघाटात बसून इंग्रजी वाचावं म्हणून तिकडे कोणी बाया आत्याचं धान मळत होत्या, गोठा झाडत होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यातली एकही शाळेत गेली नव्हती. अंगावर काटा आला माझ्या!

त्या दिवशी दहाही वाक्यं पुन्हा लिहायला घेतली. असिस्ट लिहिलं, तर ते फारच लहान वाटलं. बॅक म्हणजे पाठीशी उभं राहणं, पण या तर बाजूला होत्या. अपहोल्ड करताना निदान वर उचललेलं दिसतं, इथे तर कोणी दिसतच नव्हतं. दहा शब्द झाले तरी बायांचं काम उरलंच...

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि आत्या बसने परत गेली. मी पास झाले, इंग्रजीत काठावर का होईना. कॉलेजचा फॉर्म बाबांनी स्वतः आणून दिला आणि पुढे मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं.

निकाल लागला तशी पेढे घेऊन मी आत्याच्या गावी गेले. म्हटलं, त्या बायांची नावं सांग, मला त्यांच्या पाया पडायचंय. आत्या म्हणाली, “नावं काहाले पाह्यजे तुले?” लाख विनवण्या केल्या, तोंड उघडलं नाही. गल्लीत विचारत फिरले, तर ही म्हणे मी नाही बाप्पा, ती म्हणे मले काही माहीत नाही... आणि सगळ्याच हसायच्या.

मग काय करणार? त्या गल्लीत भेटलेल्या एकूण एक बाईच्या मी पाया पडले. एकीलाही सोडलं नाही.