आतून कडी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट न तपासता खरी मानलेली नाही. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात सत्तेचाळीस वर्षं काढूनही ते नळाचं पाणी ग्लासात घेतात, ग्लास खिडकीशी नेऊन उजेडात धरतात आणि पाण्याची खात्री पटली की मगच पितात. नोकरी त्यांनी एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्याची केली. निवृत्त झाल्यावर तपासायला व्हॉल्व्ह उरले नाहीत, तेव्हा त्यांनी बाकीचं जग तपासायला घेतलं. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, तर प्रसाद बाजूला ठेवून त्यांनी मामींना वरच्या बाथरूममध्ये, मला तळघरात आणि सोवळ्यातल्या गुरुजींना जिन्याखालच्या टॉयलेटमध्ये उभं केलं आणि जिन्यात उभं राहून "एक, दोन, तीन" म्हणत तिघांकडून एकदम फ्लश करवून घेतला. प्रेशर पडलं नाही. मग मामा गुरुजींना म्हणाले, "आता झाली खरी वास्तुशांती."

त्यांच्याकडे लेबलं छापायचं एक छोटं मशीन आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात डाळीला डाळ आणि पोह्यांना पोहे अशी लेबलं आहेतच, पण मी एकदा चहात मीठ घातल्यापासून मिठाच्या डब्यावर 'साखर नाही' असं लेबल आहे. मामी म्हणतात, एके दिवशी हे मलाही लेबल लावतील, म्हणजे चुकून दुसरीच घरात यायला नको.

हे मशीन मला एरवी हास्यास्पद वाटायचं. पण मामांची नात तन्वी चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट सांगतो. तिला पाळण्यात घातलं होतं नातू म्हणून. चौदाव्या वर्षी तिने घरात सांगितलं की मी मुलगी आहे, आणि नवं नावही सांगितलं. आठवडाभर त्या घरात कोणी धड जेवलं नाही. मामी देवघरातून बाहेर येईनात. मामांनी तीन दिवस लेबलांच्या मशीनला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी नातीला हाक मारून एकच प्रश्न विचारला, "स्पेलिंग काय?" मग तिच्या दुधाच्या मगवर, कोट अडकवायच्या हुकवर आणि पेटीच्या खोक्यावर नवं नाव लागलं. जुनी लेबलं खरवडायला अख्खी दुपार गेली. "गोंद फार चांगला वापरला होता मी," एवढंच ते म्हणाले.

पेटीवरून नाना आठवले. नाना म्हणजे मामांचे सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले रूममेट. दोघं एकाच विमानाने या देशात आले. मामा बर्फात राहिले आणि नाना दक्षिणेत दूर, अकराशे मैलांवरच्या एका राज्यात गेले. राज्याचं नाव सांगत नाही, तिथे माझे दोन क्लायंट आहेत. दर रविवारी अकरा वाजता दोघांचा फोन असतो आणि त्यात कुठल्याही विषयावर एकमत झाल्याचं मी ऐकलेलं नाही. नाना गातात. सहा वर्षं दर शनिवारी त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून तन्वीला पेटी शिकवली. नाव बदललं तेव्हा ते एकदाच अडखळले आणि पुढच्या शनिवारपासून "तन्वे, काळी दोन दाब" सुरू झालं. त्यामुळे नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाला नाना गाणार आणि तन्वी साथ करणार, हे कधीच ठरून गेलं होतं.

आमंत्रण आलं आणि त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक पत्रक फिरलं. कुठल्याशा संस्थेने प्रवाशांना इशारा दिला होता की अमुक राज्यांत तन्वीसारख्यांच्या विरोधात कायदे झालेत, सरकारी जागेत जन्माच्या नोंदीप्रमाणेच टॉयलेट वापरावं लागतं, जाताना विचार करा. सोबतच्या नकाशात नानांचं राज्य लालभडक होतं. पुढच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, मामांच्या तळघरात तोच विषय. मी हातात भाताची प्लेट घेऊन भाषण ठोकलं की हे सगळं राजकारण आहे, निवडणूक जवळ आली की असे नकाशे रंगतात, त्या राज्याचे टूरिस्ट तुटावेत हाच हेतू.

"अहो, पोरीला कुणी अडवलं तर तेव्हा काय हेतू विचारत बसायचं?" मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "इशारा म्हणजे साधी प्रॅक्टिकल गोष्ट आहे. बर्फाचा देतात तसा."

दोन तट पडले. मामा कोपऱ्यात भिंग लावून पत्रक वाचत होते. मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं? पोलिटिकल की प्रॅक्टिकल?"

"अपुरं," मामा म्हणाले. "अख्खं राज्य लाल केलंय. सांगली ते गोंदिया एकच रंग. कुठे थांबावं, कुठल्या दाराला आतून कडी आहे, काही लिहिलेलं नाही. याचा मला उपयोग काय?"

रविवारी अकराच्या फोनला मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता.

"माझ्या राज्याला रेड झोनमध्ये टाकलंस लेका?" नाना म्हणाले.

"मी नाही, त्या संस्थेने."

"ती संस्था कुणाची, माहीत आहे ना? सगळं पोलिटिकल. चाळीसच्या वर वर्षं राहतोय इथे, मला कुणी काही बोललं नाही."

"तुला कोण बोलणार. तू पुरुषांच्या संडासात जातोस आणि अर्धा तास बाहेर येत नाहीस."

"पोरीला घेऊन ये. माझीही नात आहे ती. कोण काय म्हणतो ते मी बघतो."

"कुठे कुठे बघशील? दाराबाहेर उभा राहणार आहेस?"

"एवढा संशय असेल तर येऊच नकोस," म्हणून नानांनी फोन ठेवला. डायनिंग टेबलाशी तन्वी अभ्यासाला बसली होती, हे आम्ही विसरलोच होतो. तिने मान वर न करता म्हटलं, "आजोबा, इट्स ओके. आय कॅन स्किप इट. तुम्ही जा ना."

 मामा मला म्हणाले, "जावईबापू, शुक्रवारपासून सुट्टी काढा. रस्ता बघून येऊ."

विमानाने का नाही, असं विचारू नका. कानाच्या ऑपरेशननंतर मामा विमानात बसत नाहीत. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. मामांच्या मांडीवर आडवी वही होती आणि तिच्यात पट्टीने आखलेले रकाने होते: ठिकाण, एकच खोली की रांग, आतून कडी, उजेड, शेरा. पद्धत ठरलेली. मामा आत जाऊन कडी लावणार, मी बाहेरून खांदा देऊन दार ढकलणार. एखाद्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात दोन मराठी माणसं दाराच्या दोन बाजूंना उभी आहेत आणि आतून "अजून जोरात" असा आवाज येतोय, हे दृश्य त्या मुलखाने पूर्वी पाहिलेलं नसावं. एका ठिकाणी काउंटरवरची दणकट बाई धावत आली. मामांनी बाहेर येऊन तिला वही दाखवली आणि इंग्रजीत सांगितलं की माझ्या नातीसाठी बघतोय. बाईने प्रश्न विचारला नाही. कडी जरा वर उचलून लावायची असते हे तिने करून दाखवलं आणि मागे कर्मचाऱ्यांसाठी असलेली खोलीही उघडून दिली. मामांनी शेरा लिहिला: 'कडी उचलावी लागते. बाई चांगली.' पुढच्याच गावात 'उजेड भरपूर. म्हातारा टक लावून बघतो' अशी नोंद झाली. त्या राज्याची हद्द ओलांडल्यावर हमरस्त्यावरचे सरकारी विसावे मामांनी एकेक करून लाल शाईने खोडले. दोन दिवसांत मी एकवीस दारं ढकलली. मंडळात भाषण ठोकणारा तो माणूस कितव्या दाराशी गाडीतून उतरला, ते मला सांगता येणार नाही.

नाना रागावले होते तरी त्यांनी पिठलं केलं होतं. त्यांच्या घरातल्या बाथरूमची कडी पंधरा वर्षांपूर्वी मोडलेली. आत गेलेल्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा त्या घरचा रिवाज. मी अर्धी आरती म्हणून बाहेर आलो. मामांनी वहीत लिहिलं: 'कडी नाही. गावे लागते.'

दुपारी नाना हॉल दाखवायला घेऊन गेले. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा हॉल, दोनशे खुर्च्या, चकचकीत स्टेज. नाना हौसेने सांगत होते, इथे मी बसणार, इथे तन्वी. मामा थेट मागच्या कॉरिडॉरमध्ये गेले आणि पाच मिनिटांनी परत आले.

"इमारत सरकारी आहे," ते म्हणाले. "तुमच्या कायद्याने तिला इथे बायकांच्या बाजूला जाता येत नाही. पुरुषांच्या बाजूला मी तिला पाठवणार नाही."

"काढलंस ना राजकारण?" नाना म्हणाले. "अरे, कोण बघायला येतंय?"

"कोणी येणारही नाही कदाचित. पण चार तासांचा कार्यक्रम आहे, नाना. पोरगी सकाळपासून पाणी पिणार नाही. शाळेच्या ट्रिपला ती तेच करते. मी विचारलंय तिला."

नानांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. ती त्यांनी रांगेत सरळ लावली. मग म्हणाले, "चला, ऊन वाढतंय."  परतीच्या अकराशे मैलांत मामा एकदाच बोलले. "त्याला ठाऊक नव्हतं हो," ते म्हणाले. "पाण्याचं."

दहा दिवसांनी नानांचा फोन आला, तोही रविवार नसताना. "हॉल कॅन्सल केला. एसी धड नाही तिथला. घरीच करू, मागच्या अंगणात मांडव घालून. दोनशे लोक मावणार नाहीत, साठांनाच बोलावतो. तन्वीला सांग, भैरवीचा रियाज कर."

जूनमध्ये दोन गाड्या करून आम्ही सगळे गेलो. तन्वी पुढच्या सीटवर बसून वहीतले शेरे अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. 'बाई चांगली' आलं तेव्हा तिने मुद्दाम गाडी थांबवायला लावली. ती बाई होती. कडी तिने दुरुस्त करून घेतली होती, त्यामुळे मामांना शेरा खोडावा लागला.

नानांच्या घरी पोचल्यावर तन्वी आधी बाथरूमकडे गेली. दारावर पितळेची नवीकोरी कडी होती, चांगली अर्धा इंच तिरकी. नानांनी स्वतः बसवलेली. दार लागलं. आतून खट्ट आवाज आला. कोणी गायलं नाही. कॉरिडॉरमध्ये दोन म्हातारे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे टक लावून उभे होते, जणू एकादशी शोधत होते.

"तरी सांगतो," नाना कॅलेंडरलाच म्हणाले, "ते पत्रक पोलिटिकलच आहे."

"असेल," मामा म्हणाले. "कडी वाकडी बसवलीस."

कार्यक्रमाच्या दिवशी नाना फार सुंदर गायले, असं म्हणणं खोटं ठरेल. ऐंशी वर्षांचा गळा दोनदा फाटला आणि दोन्ही वेळा तन्वीने पेटी मोठी करून त्यांना सावरून घेतलं. मी मात्र बघत होतो ते पेटीशेजारच्या पाण्याच्या तांब्याकडे. तो दोनदा रिकामा झाला. दोन्ही वेळा भरून आणायला मामा स्वतः उठले.

ऑगस्टमध्ये तन्वी कॉलेजला गेली, तिसऱ्याच एका राज्यात. वही तिने मागून नेली. मागच्या आठवड्यात तिने एका पानाचा फोटो पाठवला. वळणं घेत लिहिलेल्या मराठीत कॉलेजजवळच्या कॉफीच्या दुकानाची नोंद होती: एकच खोली, कडी लागते, उजेड बरा. वहीतल्या दारांच्या लाल-हिरव्या टाचण्या टोचलेला एक नकाशा मामांनी तळघरात लावला आहे. त्यावर त्यांनी हिरवी टाचणी टोचली आणि पुटपुटले, "शेरा लिहायचा राहिला. माणसं कशी आहेत ते लिहायला हवं."

मग ते नकाशाला नाक लावून बराच वेळ उभे होते. आताशा त्यांना टाचण्यांचे रंग नीट दिसत नाहीत. हिरवी कुठली आणि लाल कुठली ते मला विचारतात. "पुष्कळ राज्यं राहिलीत, जावईबापू," ते म्हणाले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की निघू. तुमच्या सुट्ट्या आहेत ना शिल्लक?"

आहेत म्हणालो. गाडीत मागच्या सीटवर मी एक कोरी वही टाकून ठेवली आहे. रकाने आखायला मात्र त्यांनी मला मनाई केली आहे. पट्टी त्यांची, हात त्यांचा.