शून्य बोललो तरी हात झाला

शब्दाचा माझ्याइतका पक्का मानूस आख्ख्या मुळशीत घावायचा न्हाई. तवा माझी बायको तीन आठवडे म्हायेरी जाऊन बसली हुती, ती माझ्या शब्दांनाच कट्टाळून.

मी कासार आंबोलीला येका बंगल्याची राखन करायचो. दोन हजार सहा-सात साल आसंल. बंगला टेकाडावर. साहेब बावधनला ऱ्हायचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत हुते. बायको-पोरीला घेऊन शनवारी येनार, आयतवारी सांजचं जानार. बंगल्याला नऊ दारं, सागवानी. ती मी दर आठवड्याला तेलाच्या फडक्यानं पुसायचो. आन मागं माझी पत्र्याची खोली, तिच्या मोरीला येकबी दार न्हाई. गोनपाट टांगलेलं. वारं सुटलं की गोनपाट उडायचं आन बायको आतनं वराडायची. मी म्हनायचो, "ह्या आयतवारी दार लावतो." चार म्हैनं त्योच आयतवार बोलत हुतो. येकदा म्हनलो, "नुसतं दार न्हाई, कडीबी पितळंची लावतो." त्याच दिशी ती म्हायेरी, रिह्याला गेली. जाताना म्हनली, "दारावर येकवेळ इस्वास ठिवला आस्ता. कडीनं घान केली."

मग शुक्रवारी दूधवाल्याकडनं निरोप आला. "आयतवारी चारच्या येष्टीत दिसलात तर त्याच गाडीनं तुमच्यासंगं परत येते. न्हाई दिसलात तर शेळ्या न्यायला मीच येईन. मंग बसा दारं पुसत." तिच्या दोन शेळ्या माझ्यापाशी हुत्या. येष्टी फाट्यावरनं चारला जायची, रिह्यातनं वळून साडेपाचपोतर परत यायची. फाटा पायी पंधरा मिनटं. साडेतीनला निघायचं, येवढंच काम. येवढं तर बैलबी करील.

पन शनवारी म्याडमनी इचारलं, "काका, काकू दिसत नाहीत?"

मी म्हनलो, "म्हायेरी धाडलीया मी. माझ्या शब्दाभाईर न्हाई ती. ये म्हनलं की येती."

कोनी इचारलं हुतं का येवढं? न्हाई. पन माझ्या तोंडाला सवयच ती.

आयतवारी जेवनं झाली. मी भांडी घासून कापडं बदलली, केसाला पानी लावलं. तवर सायबांची पोरगी आली, सहावीतली. "काका, चला. चौथा माणूस पाहिजे." सायबांनी परदेशातनं फाशांचा खेळ आनला हुता. मी म्हनलो, "मला लिवता-वाचता येत न्हाई, बाळा." ती म्हनली, "ठिपके मोजता येतात ना?" आता ठिपके मोजता येत न्हाईत म्हनायची लाज वाटली, आन बसलो. घड्याळात तीन वाजले हुते. घड्याळ मला कळायचं, पान्याची मोटर चालू-बंद करून करून शिकलेलो.

बसवलं कुटं, तर भिंतीच्या बाजूला, आतल्या खुर्चीवर. म्होरं टेबल, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला पोरगी. ती उठल्याबिगर मला भाईर निघायला वाट न्हाई. खुर्चीवर मी पयल्यांदाच बसलेलो त्या घरात. पाय कुटं ठिवायचे त्ये कळंना, म्हनून वरच धरले.

खेळ सोपा हुता. परत्येकाला पाच फासे आन येक गिलास. फासे हलवायचे, गिलास पालथा घालायचा, आन त्याखालचं आपलं आपनच बगायचं. मग बोली बोलायची: पत्त्यात करतो तसे आपले हात किती व्हनार. मग परत्येकानं आपला येकेक फासा टेबलावर सारायचा. ज्याचा मोठा, त्याचा हात, आन म्होरल्या हाताला सुरवात त्यानंच करायची. सारखे पडले तर ज्यानं शेवटी टाकला त्याचा. आन मेख अशी, की जेवढे बोलला तेवढेच हात झाले पायजेत. कमी न्हाई, जास्त न्हाई. तेवढेच झाले की तू सुटला, उठायचं. न्हाईतर परत खेळायचं. शेवटी अडकंल त्यानं चहा करायचा.

चहा तसाबी मीच करायचो. तवा मला काय भ्या न्हाई, आसं वाटलं.

पयल्या डावाला गिलास उचलून बगतो तर तीन सहा, येक पाच आन येक येक्का. साधा मानूस तीन म्हनला आस्ता. सुटला आस्ता. सव्वातीनला फाट्याकडं लागला आस्ता.

मी म्हनलो, "पाचीच्या पाची!"

साहेब म्हनले, "अरे वा!" त्या 'अरे वा'नं माजी छाती आशी फुगली की टेबलाला टेकली. हात झाले तीन. म्याडम येक बोलल्या हुत्या, त्यांचा येक झाला. त्या सुटल्या, पेपर घेऊन वट्यावर जाऊन बसल्या. मी त्यांच्याकडं आसा बगत ऱ्हायलो, जसं काय त्या येष्टीतच बसल्या.

दुसऱ्या डावाला शानपन केलं. दोन सहा हुते. दोन म्हनलो. दोन्ही झाले. आता उरलेलं बारकं बारकं सारायचं, दुसऱ्यांनी घेऊ द्यायचं. तर तिनाचा फासा टाकला, आन त्या दोघांनी दोन-दोन टाकले. तिसरा हात माज्या गळ्यात. घड्याळात साडेतीन.

मी म्हनलो, "जरा शेळ्यास्नी पानी दावून येऊ का?"

पोरगी म्हनली, "काका, डाव चालू असताना उठायचं नाही. नियम म्हणजे नियम."

साहेब हासून म्हनले, "तिच्यापुढे माझंही काही चालत नाही."

आता मला कोनी बांदलं हुतं का? तोंड उघडून सांगितलं आस्तं, "सायेब, बायको थांब्यावर हुबी ऱ्हानार हाय, दाराच्या पायी रुसलीया," तर सायबांनी त्यांच्या गाडीनं सोडलं आस्तं रिह्यापोतर. मानूस लई चांगला. पन काल मीच बोललेलो, ये म्हनलं की येती. त्यो शब्द भिंतीपरीस जाड झाला. माझ्या पिंडऱ्यास्नी कळा लागल्या, केसातलं पानी वाळलं, आन मी मुकाट गिलास हलवत बसलो.

तिसरा डाव. गिलास उचलला आन देवच दिसला. तीन येक्के, दोन दुव्वे. माज्या नशिबात जलमभर जे पडत आलं, त्येच. पन आज तेच पायजे हुतं! आशा फाशानं हात व्हईलच कसा? साहेब तीन बोलले. पोरगी येक बोलली. मी म्हनलो, "काईच न्हाई. शून्य."

पोरगी डोळं मोठं करून म्हनली, "नक्की?"

"बाळा, हरन्यात मला कोन हरवनार!"

दोन्ही दुव्वे आदी काडून टाकले. गेले. मग येक्का, त्योबी गेला. आनिक येक्का, गेला. चार हात झाले: सायबांचे तीन, पोरीचा येक. माज्यापाशी शेवटचा येक्का. पाऊनेचार. मी खुर्ची मागं सारली. पळत गेलो तर घावती.

शेवटचा हात सायबांनी सुरू केला. त्यांचे तीन भरलेले, त्यांनी येक्का राखून ठिवलेला. टाकला. पोरीचाबी येक भरलेला. तिनंबी येक्का टाकला. मी माजा येक्का टाकला.

टेबलावर तीन येक्के. मी बगतोय, साहेब बगत्यात. पोरगी टाळी वाजवून वराडली, "सारखे! शेवटी टाकला त्याचा हात! काकांचा हात!"

पोरीचा येक बरुबर, ती सुटली. सायबांचे तीन बरुबर, ते सुटले. आख्खा बंगला सुटला. येक्क्यानं हात करनारा गडी मी येकटाच, त्यो चहाला लागला.

सैपाकघराच्या खिडकीतनं खाली डांबरी दिसायची. म्याडमनी आलं किसून घाला म्हनून सांगितलं हुतं. मी आलं किसत हुतो आन येष्टी खालनं गेली. लाल. टपावर सायकल बांदलेली. मला सगळं दिसलं. हातातलं आलं आन बोटाचं कातडं, दोन्ही किसलं.

चहा पिऊन झाला तर पोरगी म्हनली, अजून येकदा. आता मला तरी कुटं जायचं हुतं. बसलो. त्यात काय झालं त्ये सांगत न्हाई, येवढंच सांगतो की सव्वासहालाबी मीच चहाला हुतो.

मागच्या दारात सावली पडली. बगतो तर बायको. येका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोन्ही शेळ्यांची दावी. खोलीवर जाऊन, सोडून, घेऊन आलेली.

"चावी द्या खोलीची," म्हनली. "माजी दोन लुगडी ऱ्हायलीत आत."

मी चावी काडाय खिशात हात घातला. आतनं पोरगी वराडली, "काका, चहा झाला का? पुढचा डाव!"

बायको म्हनली, "कसला डाव?"

मी सांगितलं. हलक्या आवाजात, सगळं. गिलास, फासे, बोललं तेवढंच करायचं, न्हाईतर सुटका न्हाई. ती आयकत हुती. म्हनली, "आन ह्यात तुमास्नी बसवलं?"

"व्हय."

"मंग शेवटाला काय बोललात?"

"शून्य."

"आन?"

"येक झाला."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हालत हुते. रडतीया का हासतीया कळंना. मग दावी तिनं खिडकीच्या गजाला बांदली आन पिशवी सैपाकाच्या वट्याखाली ठिवली.

मला तेवढंच पायजे हुतं. मी म्हनलो, "उद्याच्या उद्या मोरीला दार लावतो बग. दार काय, चांगलं दोन फळ्यांचं, सागवानी, आन कडी..."

"तोंड मिटा," ती म्हनली. "चहा उतू चाललाय."