गमछ्याखालचा हात आणि आमची बिल्डिंग

मागच्या मंगळवारी पांढुर्ण्यात, आमच्या स्टेशन रोडवर, एक माणूस आमच्या बिल्डिंगला टेप लावून मापं घेताना दिसला. माझं डोकं तिथेच फिरलं.

आमची म्हणजे आमच्या घरमालक काकाजींची. त्यांच्या आजोबांनी बांधलेली कापसाची पेढी. खाली सागवानी खांब, वर माडीला रस्त्याच्या बाजूनं मोठा दरवाजा... पूर्वी बैलगाडीतला कापूस दोरानं तिथून वर ओढायचे आणि त्याच्या गाठी स्टेशनकडे जायच्या. आता खाली आम्ही तीन भाडेकरू. माझं पिको-फॉलचं दुकान, शेजारी घड्याळवाले भाऊ, आणि कोपऱ्यात बियाण्यांचं दुकान.

तर हा माणूस खांबावर बोटानं टकटक करून बघत होता, मोबाईलमध्ये फोटो काढत होता. मी साडी मशिनवर तशीच सोडून बाहेर आले. "काय करून राहिले जी?" तर म्हणे, जुन्या बाजारपेठांवर अभ्यास करतोय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. पन्नाशीला टेकलेला माणूस आणि कॉलेजचा प्रोजेक्ट! मी मान हलवली, पण विश्वास शून्य.

कारण आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून या रोडवर टेप घेऊन येणारा प्रत्येक माणूस काहीतरी पाडूनच जातो. समोरची मिठाईवाल्यांची जुनी इमारत अशीच गेली. आधी फोटो, मग टेप, मग एक दिवस हिरवी जाळी... आता तिथे काचेचं कॉम्प्लेक्स आहे, आणि तिथलं भाडं मला या जन्मात झेपणार नाही. या दोन मशिनींवर माझं घर चालतं, लेकीचं नागपूरचं नर्सिंग चालतं. हे दुकान गेलं की मी संपले, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घड्याळवाल्या भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुमाले तं सगळेच दलाल दिसतात." बरं... दिसतात तर दिसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे पाहिलं, त्यानं मात्र माझा संशय पक्काच झाला. काकाजी ओट्यावर बसलेले, समोर तोच माणूस. काकाजींच्या खांद्यावरचा गमछा दोघांच्या हातांवर पसरलेला. दोघं गप्प... आणि गमछ्याखाली बोटं हलत होती.

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. पण आमच्याकडे कापसाचा भाव असाच ठरायचा. कपड्याखाली हात, कोणती बोटं दाबली त्यावर आकडा, आजूबाजूच्यांना पत्ता नाही. बैलबाजारात अजूनही जुनी माणसं असंच करतात. मी लहानपणी बाबांसोबत जाऊन हे कितीदा पाहिलंय. त्यामुळे मला एकच दिसलं... आपली बिल्डिंग गेली.

मी तरातरा ओट्यापाशी गेले. भाऊ बाहेर आले, बियाण्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकंही आली. मी सगळ्यांसमोर ओरडले, "काकाजी, कितीत देल्ली?"

तो माणूस गडबडून हात काढायला लागला. काकाजी आधी खूप हसले. म्हणाले, "अवो, सौदा कसा होत होता ते शिकवून राहिलो या मास्तराले. याले पाच बोटं समजायले अर्धा घंटा लागला." तो माणूस खरंच कॉलेजात शिकवणारा निघाला. त्याच्या वहीत आमच्या खांबांची इतकी सुंदर चित्रं होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग काकाजींचं हसू थांबलं. हळूच म्हणाले, "मांगच्या साली एकजण बिल्डिंग इकत घ्याले आलता खरा. नकाशा घेऊनच आलता. म्या वापस पाठवला त्याले."

मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही?

"काय सांगू वो पोरी? तिघंबी जीव मुठीत धरून बसले असते. म्हणलं, सुखानं धंदा करू द्यावा यायले."

वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्या टेपवाल्यांवर पाळत ठेवत होते, आणि खरं गिऱ्हाईक कधीच येऊन हात हलवत परत गेलं होतं... ज्यांच्यामुळे गेलं, त्या काकाजींनाच मी भर रस्त्यात जाब विचारला.

संशयी स्वभाव काही एका दिवसात जाणार नाही, मी स्वतःला ओळखते. काकाजींना मोबाईल नीट दिसत नाही, पण त्यांची सून माझ्या पोस्ट त्यांना वाचून दाखवते. म्हणून इथे लिहितेय. काकाजी, संशय चारचौघांत घेतला होता, तर आभारही चारचौघांतच मानते.