लाकडी चमचा आणि सर्वोत्तम कोच

हे सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने आपली फजिती वाढून घ्यायची. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

मी ॲडलेडला शिकायला आलो, इथेच नोकरीला लागलो आणि मॉसन लेक्सला, युनीपासून, म्हणजे युनिव्हर्सिटीपासून, चालत दहा मिनिटांवर घर घेतलं. युनीच्या फुटी क्लबची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. फुटी म्हणजे इथला फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा, मैदान लंबगोल, आणि नियम? बारा वर्षांत मला कळलेले नाहीत. हे अर्थात क्लबमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं.

एक दिवस क्लबची सेक्रेटरी शेली म्हणाली, आजवरच्या सगळ्या कोचेसमधून सर्वांत भारी तीन निवडायचेत, रविवारी जेवण ठेवून जाहीर करायचेत. जुने मेंबर आपापल्या कोचसाठी इतके भांडत होते, की कोणाच्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता. "आणि तू डेटावाला आहेस," ती म्हणाली.

मी "नो वरीज" म्हणून मोकळा. नाही म्हणायला तोंड नव्हतं का मला?

तिने जुन्या कागदांचे तीन खोके घरी आणून दिले. अलीकडच्या वर्षांचे निकाल व्यवस्थित होते. जुन्यातले बरेच कागद कधीतरी छत गळलं त्यात गेले होते, उरल्या होत्या फक्त मीटिंगच्या वह्या. त्यातल्या एकीत मला रत्न सापडलं. ग्रॅहम नावाच्या कोचच्या टीमला 'वुडन स्पून', आणि तोही सलग दुसऱ्या वर्षी! बाकी कोणाला लागोपाठ दोनदा काही मिळालेलं दिसेना.

"लाकडी चमचा? हे कसलं बक्षीस?" माझी बायको मुग्धा म्हणाली.

मी तिला समजावलं, की जिथे चिमूटभर राखेच्या कलशासाठी दोन देश क्रिकेट खेळतात, तिथे चमच्याला काय हरकत आहे? परंपरा असते त्यांची. ती म्हणाली, एकदा गूगल करून बघ. मी म्हटलं, जज मी आहे.

ग्रॅहम पहिला आला. आता बक्षीस घ्यायला तो माणूस हवा ना? नंबर शोधून मीच फोन केला. म्हातारा आवाज होता. अभिनंदन केलं आणि वर म्हणालो, तुमचा तो वुडन स्पून घरी असेल तर घेऊन या, नव्या मुलांना बघायला मिळेल.

त्याने "वुडन स्पून?" असं दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, गहिवरला. मग तो म्हणाला, "येतो."

रविवारी दुपारी हॉल भरला होता, मुग्धाही पुढच्या टेबलावर बसली होती. तिसरा, दुसरा नंबर जाहीर केला, टाळ्या झाल्या. मग मी माईकवर आवाज चढवून सांगितलं, की पहिला नंबर ग्रॅहमचा, कारण सलग दोन वर्षं वुडन स्पून मिळवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

एकही टाळी नाही. एका टेबलावर कोणाचा तरी काटा प्लेटवर पडला.

ट्रॉफी धरून शेजारी उभी असलेली शेली माझ्याकडे झुकली आणि पुटपुटली, "मेट, वुडन स्पून म्हणजे शेवटचा नंबर."

काठी टेकत एक उंच म्हातारा पुढे येत होता. त्या पराभवाची चेष्टा करायला मी त्याला घरून बोलावून आणलं होतं! पळावं म्हटलं तर दाराच्या वाटेत तोच.

मग मला अक्कल सुचली. मी माईकसमोर गंभीर चेहरा करून म्हणालो, की जिंकणाऱ्यांना सगळेच निवडतात. मी मुद्दाम आकड्यांपलीकडे बघितलं.

ग्रॅहमने माझ्याकडे नीट बघितलं. मग माईक घेतला. म्हणाला, मैदानात अठरा खेळाडू लागतात, त्या दोन वर्षांत आमचे कधी चौदा जमायचे, कधी पंधरा. दर शनिवारी हरलो, पण एकही मॅच सोडली नाही. सोडली असती तर क्लब लीगमधून गेला असता.

"लाजेने मी इथे पुन्हा आलो नव्हतो," तो म्हणाला. "बरं झालं या माणसाने बोलावलं."

मागच्या टेबलावरचे चार-पाच म्हातारे उठून उभे राहिले. त्याचेच खेळाडू. मग अख्खा हॉल उठला. ग्रॅहमने माझा हात धरून हलवला. सुटलो बाबा! नंतर लोक येऊन माझी पाठ थोपटत होते, जरा जास्तच हसत होते, पण मी म्हटलं, खूश आहेत.

परतताना गाडी मुग्धा चालवत होती. मी सीट मागे टाकून तिला सांगितलं, की शेली एक सोडली तर हॉलमध्ये कोणाला पत्तासुद्धा लागला नाही. याला म्हणतात प्रसंगावधान.

तिने शांतपणे इंडिकेटर दिला.

"शेली बोलली तेव्हा माईक चालू होता," ती म्हणाली.