रेडिओचं मौन

तिला सगळे रेडिओ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि कानांना होणारा ताप जास्त. पण तिचं पोटच बोलण्यावर चालत होतं. बचाव हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात पट्ट्याने बांधून घेऊन ती विंच चालवायची. खाली हेलकावणाऱ्या बोटीवर दोर सोडायचा आणि हुकाला माणूस अडकला की वर ओढायचा. वैमानिकाला आपल्या बुडाखालचं काही दिसत नाही, म्हणून तो हिच्या जिभेवर विसंबून. "पुढे, पुढे, जरासं डावीकडे, तिथेच, तिथेच, हलू नकोस, अरे हललास की!" अशी टकळी अखंड चालू. नियमच होता: दारातला आवाज थांबला की काहीतरी बिघडलं असं समजायचं आणि हेलिकॉप्टर उचलून बाजूला न्यायचं.

घरीही तेच. नवरा गाडी मागे घेवो की नणंद कपाट सरकवो, ही आपली "डावीकडे, अजून, अजून" म्हणत हजर.

मग एके दिवशी घसा बसला. बसला तो उठेचना. डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि फर्मान काढलं, "गाठी आल्यात. सध्या चकार शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. बऱ्या झालात तरी इतकी बडबड पुन्हा नाही."

"वहिनी," नणंद हात जोडून म्हणाली, "एवढी वर्षं मी देवाकडे काय मागत होते, ते आता सांगायला हरकत नाही." नवऱ्याने मात्र त्याच आठवड्यात गाडी फाटकावर घातली आणि वर फाटकालाच शिव्या दिल्या.

तळावरच्या साहेबांनी चाचरत सांगितलं, की न बोलणारं माणूस दारात बसवता येत नाही. गोदामात लाइफ जॅकेटं सांभाळायला कुणीतरी हवंय. तिला रडूच कोसळलं. गोदामाला खिडकीसुद्धा नव्हती.

आशा एकच होती, मौनीबाबा. नव्या यंत्राचं हे नाव तिच्या वैमानिकाने, म्हणजे कप्तानने ठेवलेलं. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली कॅमेरा, आत संगणक. खालची बोट कशीही डुलो, तो तिचा माग काढायचा आणि हूक बरोबर तिच्या डोक्यावर धरून ठेवायचा. सांगायची गरजच नाही. हे जमलं तर मुकी बाई दारात बसू शकत होती. बाकीचे विंचवाले यंत्राला पाण्यात पाहत होते. ही मनातल्या मनात त्याची दृष्ट काढत होती.

चाचणीला बुडणाऱ्या माणसाची भूमिका खुद्द इंजिनिअरने घेतली. "माझं यंत्र आहे, मीच लटकणार," म्हणाला. बोटीत पाऊल ठेवताच त्याचा चेहरा हिरवा पडला.

पहिल्या फेरीत मौनीबाबाने कमाल केली. बोट डावीकडे कलंडली, हूक डावीकडे. बोट लाटेवर चढली, हूकही वर. इंजिनिअरने हात उंचावला, हूक बोटांना लागला, आणि भर्रकन हेलिकॉप्टर बाजूला! दुसऱ्या फेरीतही अगदी तसंच. खाली इंजिनिअर आकाशाकडे बघून काय बोलला, ते वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, एवढं बरं.

"अगं, मी काय करू?" कप्तान कळवळून म्हणाला. "तू गप्प बसलीस की माझे हात आपोआप हेलिकॉप्टर उचलतात! यंत्राला सांगतोय तू चालव, हातांना कोण सांगणार?"

रेडिओवर साहेब म्हणाले, "आणखी एकदा बघा. नाही जमलं तर विषय संपला. बाईंना गोदामात पाठवू."

तिसऱ्या फेरीला हूक खाली निघाला. ओरडावं तर घसा कायमचा जाईल, न ओरडावं तर हे महाशय पुन्हा पळतील. तिने माइक ओठांशी ओढला, जीभ टाळूला लावली आणि सोडली. टॉक!

कप्तान दचकला. "काय तुटलं?"

टॉक, टॉक. घसा बंद, जीभ मोकळी! जिभेबद्दल डॉक्टरीणबाई अक्षर बोलल्या नव्हत्या.

"तू आहेस होय! घोडा समजलीस काय मला? चालू ठेव!" कप्तान खदखदून हसू लागला, हात मात्र जागचे हलले नाहीत. हूक दूर होता तेव्हा टॉक... टॉक, जवळ गेला तसं टॉकटॉकटॉक. खाली बोट वेड्यासारखी नाचत होती, वर मौनीबाबा तिच्यामागे नाचत होता आणि दारात ही जीभ वाजवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती, तेही आवाज न करता. हसू दाबून दाबून तिच्या बरगड्या दुखायला लागल्या. हूक अडकला. तिने कळ दाबली आणि ओलाचिंब इंजिनिअर दारातून आत येऊन तिच्या गळ्यात पडला.

"ताई," तो पुटपुटला, "मला पुन्हा बोटीत पाठवू नका."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. साहेबांच्या आवाजात चिंता होती. "मला काहीच ऐकू येत नाहीये. दारात कुणी आहे की नाही?"

तिचा जीव कानात गोळा झाला.

"आहे ना साहेब," कप्तान म्हणाला. "रोजचीच आहे."